नावाखालचं टिंब

सरांच्या नावातल्या एका अक्षराखाली टिंब होतं. मराठीत ते टिंब कोणी देत नाही. मस्टरवर, पगारपत्रकात, शाळेच्या दर्शनी फळ्यावर त्यांचं नाव टिंबाशिवायच असायचं. त्यावर ते कोणाशी हुज्जत घालायचे नाहीत. पेन काढायचे, टिंब द्यायचे, पेन खिशाला लावायचे. मी रुजू झालो त्या दिवशी हे पाहिलं आणि विचारलं, यानं काय फरक पडतो सर?

"आमच्या उर्दू लिपीत एक टिंब इकडचं तिकडं झालं का खुदाचा जुदा होते, राजा," ते म्हणाले. "तुमच्यात काय होते मले माहीत नाही. काही होत नसंल तर चांगलंच आहे."

त्या टिंबाबद्दल मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

शाळा हिवरखेडच्या पलीकडे एका गावात होती. खाजगी संस्थेची, पाचवी ते दहावी. मी शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो. तीन वर्षं काढायची, मग कायम. ती वर्षं कशी होती ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. पेपरात रोज आमच्याच जिल्ह्यांची नावं यायची आणि चहाच्या टपरीवर तेवढं पान लोक न वाचता उलटायचे. मोर्शीकडे आमची संत्र्याची बाग होती. बोअर आटली, झाडं शेंड्याकडून वाळत आली, आणि एका उन्हाळ्यात वडिलांनी ती तोडून लाकूड वखारीत पाठवलं. त्यानंतर घरात माझ्या नोकरीशिवाय हिरवं असं काही उरलं नव्हतं. हे मी माफीसाठी सांगत नाही. पुढे जे येईल ते समजावं म्हणून सांगतो.

सर इतिहास शिकवायचे. पन्नाशी ओलांडलेली, उंच, खांद्यात वाकलेले, भर वैशाखातही अंगात बिनबाह्यांचं स्वेटर. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या त्या बाजूला, त्यांच्या वडिलांचं कुलूपदुरुस्तीचं खोपटाएवढं दुकान होतं. सर तिथंच कानशीचा आवाज ऐकत मोठे झाले. आठवडाभर ते गावात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीनं अकोल्याला जायचे. शाळेतलं कोणतंही कुलूप अडलं की शिपाई सरांना बोलवायचा. सर कुलूप कानाशी धरायचे, डोळे मिटायचे, वाकवलेली तार आत घालायचे. उघडलं की त्याला सांगायचे, "याले जबरदस्ती नको करू. हे बिचारं आपलं काम करून राह्यलं."

जगाच्या इतिहासात त्यांना एकच देश खरा वाटायचा: फ्रान्स. बाकीचे देश ते पुस्तकापुरते शिकवायचे. फ्रान्स आला की खुर्ची मागे ढकलायचे. मी एकदा विचारलं, फ्रान्सच कावून सर?

"तिथल्या राजाले कुलूप बनवता येत होतं," ते म्हणाले.

थट्टा नव्हती ती. सोळावा लुई फावल्या वेळात कुलपं घडवायचा हे त्यांनी तरुणपणी कुठंतरी वाचलं होतं, आणि तेव्हापासून ते त्या माणसाला आपल्या धंद्यातला समजत. क्रांती व्हायलाच पाहिजे होती, त्यांना त्यात शंका नव्हती. वर्गात ते जुन्या व्यवस्थेचा असा पंचनामा करायचे की मागच्या बाकावरची पोरंही ताठ बसायची. पण राजाची मान कापल्याचं सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. "कुलूप बरं बनवत होता. राज्य उगाच दिलं त्याच्या हाती." एकवीस जानेवारी, लुईला गिलोटिनवर नेलं तो दिवस. त्या दिवशी सर तेलाची बुधली घेऊन शाळेतल्या प्रत्येक कुलपाला तेल घालत. सव्वीस जानेवारीची साफसफाई म्हणून आम्ही ते खपवून घेत होतो. खरं कारण फक्त मला माहीत होतं.

गावाला त्यांनी आपला नकाशा चिकटवला होता. शाळेमागचा कोरडा नाला म्हणजे सीन नदी. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे कार्डिनल, कारण राजाच्या मागे उभा राहून राज्य चालवणारा कार्डिनल रिशल्यू त्यांना त्यांच्यात दिसायचा. आमचे मुख्याध्यापक म्हणजे अर्थातच लुई. "माणूस वाईट नाही. फक्त ठरवता येत नाही त्याले."

"आणि मी कोण सर?"

"तुझं अजून ठरलं नाही. वेळ आल्याशिवाय माणसाचं नाव ठरत नाही."

दर दोन-तीन महिन्यांनी मी विचारायचो. उत्तर तेच यायचं.

एका वर्षी भर मार्चमध्ये शाळेच्या टाकीत पाणी नव्हतं. अर्ज होत होते, टँकर येत नव्हता. सरांनी नववीच्या वर्गात पॅरिसच्या बायकांचा मोर्चा शिकवला. भाकरीसाठी बाजारातल्या बायका पावसात सहा कोस चालत व्हर्सायला गेल्या आणि राजाला घेऊनच परत आल्या. शिकवून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आपल्या शाळेत व्हर्साय कुठी आहे?" मधल्या सुट्टीत तीस-पस्तीस मुली रिकाम्या बाटल्या घेऊन मुख्याध्यापकांच्या दाराशी जाऊन बसल्या. घोषणा नाही, काही नाही. बाटल्या फरशीवर आपटत बसल्या. दुपारी टँकर आला. संध्याकाळी सरांना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी उत्तरात एकच ओळ लिहिली: 'पाठ क्रमांक दोन शिकवला.' आणि सहीतल्या त्या अक्षराखाली टिंब दिलं.

त्यांचे दोन तास मात्र वेगळे होते. ते दरवर्षी त्याच शब्दांत व्हायचे आणि मी माझा तास रिकामा असला की खिडकीशी उभा राहून ऐकायचो.

पहिला डायरीचा. चौदा जुलैला पॅरिसच्या लोकांनी बास्तीयचा तुरुंग फोडला. जग उलटंपालटं झालं. त्या दिवशी राजानं आपल्या डायरीत काय लिहिलं? सर फळ्याकडे वळायचे आणि मोठ्या अक्षरांत लिहायचे: निरंक.

पोरं हसायची. गावातल्या पोरांना तो शब्द माहीत असतो. ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडे, शाळेत, जिथं कुठं 'काही नाही' असं वर कळवायचं असतं तिथं तो लिहितात.

"हसू नका," सर म्हणायचे. "डायरी शिकारीची होती. त्या दिवशी शिकार झाली नाही, त्यानं खरं तेच लिहिलं. बास्तीयचा रकानाच नव्हता तिच्यात. राजा खोटा नव्हता पोरायहो. रकाना खोटा होता."

दुसरा तास गामँचा. हा राजाला कुलपांचं काम शिकवणारा कारागीर. वर्षानुवर्षं दोघं एका भट्टीशी बसले. संकट आलं तेव्हा राजानं राजवाड्याच्या भिंतीत एक लोखंडी कपाट बसवून घेतलं, गुप्त कागदांसाठी, आणि ते बसवायला गामँलाच बोलावलं. पुढं गामँनंच क्रांतीच्या सरकारात जाऊन ते कपाट दाखवलं. त्यातल्या कागदांनी राजाचा खटला पक्का झाला. "ज्याच्या शेजारी बसून भाता ओढला," सर म्हणायचे, आणि पुढचं वाक्य कधीच पुरं करायचे नाहीत. खडू ठेवून द्यायचे.

माझ्या तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, शाळाबाह्य मुलांची पाहणी आली. ही दरवर्षीचीच. शिक्षकांनी जोडीजोडीनं गाव वाटून घ्यायचं, घरोघर जायचं, शाळेत न जाणाऱ्या मुलांची यादी करायची, दोघांनी सह्या करायच्या. यादी कोणी करत नसे. सगळीकडून निरंक जायचं. मी आणि सर एका जोडीत होतो.

सर खरोखर घरोघर गेले. मला जावंच लागलं. कापूस फुटलेला होता, मजूर लावायची ऐपत राहिली नव्हती, वेचणीला घरातलीच पोरं उतरली होती. दारात बसलेल्या म्हाताऱ्यांना सर विचारायचे, पोरगी कुठी आहे आजी? "वावरात." परत कधी येईन? "मले काय माईत बाप्पा, बोंडाइले इचारा." काही घरांना तर कुलूपच होतं. माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर गेली होती. सर त्या कुलपाला हात लावून पाहायचे. "तेल नाही घातलं," म्हणायचे, "म्हणजे लवकर येत नाहीत."

आठ दिवसांत अकरा नावं झाली. सातवी-आठवीतल्या सात मुली, चार मुलं. अडचण अशी की हे अकराही जण आमच्या शाळेच्या पटावर होते आणि हजेरीत रोज हजर होते. त्यांना शाळाबाह्य दाखवलं की आठवीची एक तुकडी तुटत होती. तुकडी तुटली की एक शिक्षक जास्तीचा ठरत होता. सगळ्यांत शेवटी लागलेला मी होतो. कायम व्हायला मला दोन महिने उरले होते.

मी हे सरांना सांगितलं. शाळेच्या पायरीवर बसून सांगितलं, जवळजवळ रडत. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझं मले समजते, राजा. तुझ्यासाठी मी कार्डिनलचे पाय धरीन, बस? पण हे अकरा आहेत. अकराचं निरंक मी कसं लिहू? तीस वर्षं फळ्यावर काय लिहून राह्यलो मी?"

शनिवारी ते नेहमीसारखे अकोल्याला गेले. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. टेबलावर पाहणीचा कोरा तक्ता होता.

"बापू, सोमवारी सकाळी तालुक्याले पाठवायचं आहे. सह्या दोघांच्या लागतात. सर तर इथं नाहीत." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमी दोघं एकाच टेबलावर बसता, नाही का?" आणि उठून बाहेर गेले.

सही कर, असं ते म्हणाले नाहीत. एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

रकान्यात मी निरंक लिहिलं. खाली माझी सही केली. तिच्या वर सरांची. मला सराव करावा लागला नाही. तीन वर्षं रोज मस्टरवर त्यांच्या खालच्या ओळीत मी सही करत होतो. हात एकदाही कापला नाही. हे मला अजून छळतं, हात न कापल्याचं.

मला माहीत नव्हतं ते एवढंच की त्याच शनिवारी सर अकोल्याच्या शिक्षण कार्यालयात स्वतः जाऊन अकरा नावांची यादी देऊन आले होते. आपल्या सहीनं, त्याच तारखेची.

पंधरा दिवसांनी एक साहेब जीपनं आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले. सरांना बोलावलं, जोडीदार म्हणून मलाही. कार्डिनल कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते.

"एकाच माणसाचे एकाच तारखेचे दोन अहवाल," साहेब म्हणाले. "एकात अकरा, एकात निरंक. यातली तुमची सही कोणती?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. यादीवर नजर टाकली. मग तो दुसरा कागद जवळ ओढला. त्यांचा अंगठा सहीवरून फिरत एका अक्षराखाली थांबला. तिथं कोरा कागद होता. मला तेव्हा कळलं मी काय विसरलो ते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही. अडलेलं कुलूप हातात आल्यावर ते जसे पाहायचे, तसं.

ते 'ही माझी नाही' म्हणाले असते तर माझी नोकरी तिथंच संपली असती. फौजदारीही झाली असती.

"दोन्ही माझ्याच," सर म्हणाले.

"दोन्ही कशा?"

"आधी भ्यालो होतो साहेब. मंग भीती गेली."

"म्हणजे निरंकचा अहवाल तुम्ही खोटा दिला हे कबूल आहे?"

"कबूल. निरंक खोटं आहे. अकरा खरं आहे. तेवढं लिहून घ्या."

साहेबांनी पहिलं लिहून घेतलं. दुसऱ्याचं काय झालं ते मी पुढं पाहिलं: अहवाल विसंगत म्हणून दोन्ही बाजूला ठेवले गेले आणि शाळेनं तिसरा पाठवला. निरंकच. तुकडी राहिली. दोन महिन्यांनी मी कायम झालो, गावात पेढे वाटले. सरांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद झाली की त्यांनी खोटा निरंक अहवाल दिला. ज्या एका शब्दावर त्यांनी आयुष्यभर शिकवलं, तो त्यांच्या नावावर लागला. लावणारा मी.

नोकरीची काही वर्षं शिल्लक असताना त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. शेवटच्या दिवशी, जानेवारी नसताना, त्यांनी सगळ्या कुलपांना तेल घातलं. निरोपसमारंभ झाला नाही. त्यांची बॅग घेऊन मी स्टँडवर गेलो. बाभळीखाली उभे होतो. अकोल्याची गाडी धुळीत दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले,

"निरंकवरचं टिंब बराबर दिलं होतं तू. माझ्या नावाखालचं तेवढं राह्यलं."

मी बॅग वर चढवली. गाडी गेली.

पाच-सहा वर्षांनी एकदा मी जुन्या शहरात गेलो. सर वडिलांच्या दुकानात बसत होते. स्वेटर तेच. नावाची पाटी कोण्या पेंटरनं रंगवलेली, आणि टिंब वेगळ्याच रंगात, मागाहून दिलेलं. मी शाळेच्या कपाटाचं कुलूप बरोबर नेलं होतं. ते बिघडलेलं नव्हतं. रिकाम्या हातानं जायला तोंड नव्हतं म्हणून नेलं.

सरांनी किल्ली फिरवली. उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं.

"हे तर चांगलं आहे."

"हो सर."

"मंग कावून आणलं?"

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. शेवटी माझ्या तोंडून निघालं ते हे निघालं: "सर, माझं नाव ठरलं काय? गामँ?"

ते हसले. समोरचे दोन दात पडले होते.

"गामँ? नाही रे. गामँ वाईट बोलला, पण बोलला. तू त्या खोलीत होता. मंग स्टँडवर होता. आज इथं आहे." त्यांनी कुलपात दोन थेंब तेल सोडलं, फडक्यानं पुसलं, माझ्या हातात दिलं. "तुझं नाव सापडलं नाही मले फ्रान्सात. पाहू."

ते कुलूप मी त्याच कपाटाला पुन्हा लावलं. आज मी त्या शाळेचा मुख्याध्यापक आहे आणि कपाट माझ्या पाठीशी आहे.

गेल्या जूनमध्ये एक बाई मुलीला पाचवीत घालायला आली. फॉर्मवर आईचं नाव वाचलं आणि ओळखलं. यादीतलं चौथं नाव.

"तुमी नाई वळखलं सर," ती म्हणाली. "आठवीत होती मी. पऱ्हाटी वेचाले गेली ते आलीच नाई." मग इकडंतिकडं पाहत म्हणाली, "थे कुलूपवाले सर कुठी असतात आता? आमच्या घरी तीनदा आले होते. माह्या बापाले म्हने, पोरीचं नाव म्या वर लिहून देल्लं, कोनी ना कोनी साहेब येईन तिले न्याले."

"मग?"

"मंग कोनी आलं नाई. लय दिवस मी दप्तर भरून ठेवत होती."

पुढच्याच रविवारी मी अकोल्याला गेलो. या खेपेला कुलूप नेलं नाही. रस्ताभर वाक्य घोकत होतो. दुकानात त्यांचा भाचा बसलेला होता. "मामू हिवाळ्यातच गेले," तो म्हणाला. "तुमचं काही दुरुस्तीला टाकलेलं होतं का?"

परत आल्यावर मी कार्यालयाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. सही माझी होती, निरंक माझं होतं, सरांच्या सेवापुस्तकातली नोंद खोडावी आणि माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी. नोकरीत असताना असं लिहिल्यावर काय होऊ शकतं ते मला ठाऊक होतं. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तरी टाकलं.

काल उत्तर आलं. तीन ओळींचं. संबंधित शिक्षक मयत असून जुने कागद नियमानुसार नष्ट झाले आहेत; सदर प्रकरणी या कार्यालयातील माहिती निरंक आहे.

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे मला आता कोणी शिक्षाही करणार नाही.

विषयाच्या ओळीत सरांचं पूर्ण नाव टाईप केलेलं होतं. निरंकवरचं टिंब बरोबर होतं. नावाखालचं नव्हतं. मी पेन काढलं, टिंब दिलं, पेन खिशाला लावलं.